आखजीचं आवतन

लॉकडाऊनमध्ये डायरी लिहा, ही कल्पना लेकीची. ती नाशिकला, मी इथं मोताळ्यात, आणि मधे जागोजागी पोलिसांचे नाके. रोज फोनवर ती विचारायची, बाबा, दिवसभर काय केलं? मी सांगायचो, काही नाही. रोज तेच ऐकून ती वैतागली. म्हणाली, ते 'काही नाही' निदान लिहून तरी ठेवा. घरात कृषी केंद्रवाल्यानं फुकट दिलेली एक डायरी पडून होती, वर कपाशीच्या बोंडाचं चित्र. म्हटलं लिहू, आपल्या बापाचं काय जातं.

उभा जन्म पाटबंधारे खात्यात कारकुनी केलेली. त्यामुळे लिहायला बसलो की हात आपोआप हापिसाच्या वळणावर जायचा. 'आज नळ आला नाही, सबब कालचेच पाणी वापरण्यात आले.' 'दुपारी वरण करपले. जबाबदार कर्मचारी: मी स्वतः.' हे लेकीला वाचून दाखवलं की ती खो खो हसायची. ती हसली की मलाही बरं वाटायचं. मग फोन ठेवायचा, आणि फ्रिजची घरघर ऐकत बसायचं.

बायको त्याच वर्षी संक्रांतीनंतर गेली होती. दम्याची जुनी दुखणेकरी. हिवाळा आला की तिचा आणि माझा दोघांचा जीव टांगणीला लागायचा. त्या हिवाळ्यात तिनं हात टेकले. तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले, लेक महिनाभर राहून गेली. एकटं राहायची सवय करावी म्हणत होतो, तोवर मार्च आला आणि सगळी दारंच बंद झाली. मंगळवारचा बाजार बंद, देवळाचा भोंगा बंद, गल्लीच्या तोंडाला पोरांनी बल्ल्या आडव्या बांधलेल्या. सकाळी थोडा वेळ भाजीची गाडी यायची, तेवढीच काय ती माणसाची चाहूल.

पण माझ्या दारात ती चाहूलही कमीच होती. का, ते मला उशिरा कळलं. दूधवाला पूर्वी पार ओसरीवर यायचा, तो आता फाटकाबाहेरूनच पातेलं ठेवा म्हणायचा. समोरचे रिटायर मास्तर रोज संध्याकाळी चहाला यायचे, ते लॉकडाऊन लागायच्या आधीपासूनच यायचे थांबले होते. एके दिवशी भाजीच्या गाडीपाशी दोन बाया बोलताना मी ऐकलं. एकजण म्हणाली, तिलेही खोकलाच होता म्हणे. दुसरीनं माझ्याकडे बघितलं आणि पदर नाकावर ओढून घेतला. माझं डोकंच सटकलं. वीस वर्षं हिचा खोकला या गल्लीनं ऐकलेला. हिच्या पंपाची औषधं संपली की हीच माणसं मलकापूरहून आणून द्यायची. आणि आता तोच खोकला परदेशातून आला म्हणून आम्हाला वाळीत टाकता? तोंडावर मात्र एकही शब्द बोललो नाही. भाजी घेतली आणि घरी आलो. डायरीत लिहिलं, 'वांगी चांगली मिळाली.'

त्या डायरीची मला सवय लागली, त्याचं कारणही सांगून टाकतो. नोकरीत होतो तेव्हा संध्याकाळी घरी आलो की बायको विचारायची, काय झालं आज? मी चपला काढत म्हणायचो, काय होणार, हापिसच ते. आता रोज चारच्या चहानंतर मी त्या डायरीत बारीकसारीक सगळं लिहायचो. कोणाची बकरी गल्लीत शिरली, पोलिसांनी कोणाला उठाबशा काढायला लावल्या, जास्वंदीला किती कळ्या आल्या. लिहिता लिहिता एकदा लक्षात आलं की मी हे लेकीला सांगतच नाहीये. बायकोला सांगतोय. त्या दिवशी पेन खाली ठेवलं.

अशात आखजी आली. अक्षय तृतीयेला आमच्याकडे आखजी म्हणतात, आणि त्या दिवशी पितर जेवायला येतात. पितर म्हणजे इथं चांगलं जिवंत माणूस. घरातला पुरुष गेला असेल तर त्याच्या नावानं एखाद्या पुरुषाला बोलवायचं, बाई गेली असेल तर बाईला, आणि सवाष्ण गेली असेल तर सवाष्णच पाहिजे. आदल्या दिवशी आवतन द्यायचं. ती आली की तिला पाटावर बसवून पोटभर जेवू घालायचं. जेवण होईपर्यंत ती म्हणजे गेलेलं माणूसच. घरच्यांनी तोवर उपाशी थांबायचं. शेवटी विचारायचं, पोट भरलं का? तिनं 'भरलं' म्हटलं की मगच आपण ताटावर बसायचं. आमची आई म्हणायची, गेलेल्याच्या पहिल्या आखजीला पाट रिकामा राहिला तर तो जीव वर्षभर उपाशी फिरतो.

मी काही फार देवभोळा माणूस नाही. पण जिनं जन्मभर आल्यागेल्याला वाढलं, कोणी अवेळी आलं तरी चूल पेटवली, ती उपाशी फिरेल, ही गोष्ट माझ्या मनातून निघेना. तिच्या नावाचं ताट कोणीतरी जेवलंच पाहिजे. बाकी मला काही नको होतं.

आवतन द्यायला घरोघरी जाता येत नव्हतं, म्हणून फोन हातात घेतला. आमच्या घरात रेंज फक्त परसात, शेजारच्यांच्या भिंतीपाशी येते, त्यामुळे तिथं उभं राहून बोलावं लागतं. ऐकू कमी येतं म्हणून बोलतोही मोठ्यानं. पहिला फोन मास्तरांकडे. त्यांची बायको आमच्या हिची मैत्रीण, दोघी एकत्र पापड लाटायच्या. मास्तरच बोलले, तिला बीपी आहे, डॉक्टरनं बाहेर निघू नको म्हणून सांगितलंय. दुसरा फोन हापिसातल्या सोबत्याकडे, दोन गल्ल्या सोडून राहतो. तो म्हणाला, पोलीस सोडणार नाहीत. हे खरं होतं. तिसरा फोन हिच्या लांबच्या मावसबहिणीला, घर गल्लीच्या टोकालाच. ती म्हणाली, तुम्ही ताट फाटकाबाहेर झाकून ठेवा, मी माणूस पाठवून नेते.

मग मात्र माझा तोल गेला. म्हटलं, पितराचं ताट आहे ते, खानावळीचा डबा नव्हे. माझ्या घरात यायला भीती वाटते तर तसं सरळ सांगा, ती दम्यानं गेली हे तुम्हाला चांगलं माहीत आहे. आणखीही काय काय बोललो. फोन कधीच बंद झाला होता, मी तरी बोलतच होतो.

शेजारी मात्र विचारलं नाही. भिंतीपलीकडची वहिनी सवाष्ण, तब्येतीनं ठणठणीत, पण तिचं आणि आमच्या हिचं विळ्याभोपळ्याचं सख्य. तिच्या शेवग्याचा पाला आमच्या अंगणात पडायचा, त्यावरून सकाळी सुरुवात व्हायची. आमच्या नळीचं पाणी त्यांच्याकडे वाहायचं, त्यावर दुपार जायची. हिच्या नावाच्या पाटावर तिला बसवणं म्हणजे हिची थट्टाच झाली असती. तिला विचारायचं माझ्या मनातही आलं नाही.

डायरीतलं आखजीचं पान कोरं आहे. त्या दिवशी काय झालं ते आज लिहितो.

डाळ रात्रीच भिजत घातली होती, म्हणून सकाळी स्वयंपाकाला लागलो. कोणी येवो न येवो. लेक फोनवरून उंटावरून शेळ्या हाकत होती. पण मी सारखा परसात कसा धावणार? तिचं निम्मं सांगणं माझ्यापर्यंत पोचलंच नाही. पुरण शिजलं, वाटलं. पोळ्या गोल झाल्या नाहीत, पण फुटल्याही नाहीत. गाडीवाल्याकडून आंबे घेतले होते, त्यांचा रस काढला. आखजीआधी आमच्या घरात कोणी आंबा चाखत नाही. वरच्या फळीवर कुरडयांचा डबा होता, गेल्या उन्हाळ्यात तिनंच गच्चीवर वाळवलेल्या. त्या तळताना मला फार जड गेलं. तिच्याच हातच्या कुरडया तिलाच वाढायच्या होत्या.

ओसरीवर पाट मांडला. ताट वाढलं, तांब्या भरला, कुंकवाचा करंडा ठेवला. आणि समोर बसून राहिलो. ऊन ओसरीत शिरायला लागलं. रसावर माशा बसू लागल्या म्हणून ताट झाकलं. मनात म्हणालो, माफ कर बाई, माझ्यानं जमलं नाही.

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. बघतो तर शेजारची वहिनी. काठाचं ठेवणीतलं पातळ नेसून, डोक्यावरून पदर घेऊन, सगळी गल्ली बघतेय अशा भर दुपारी, एकटी. नळावर साबण लावून हातपाय धुतले आणि ओसरीच्या पायरीशी येऊन उभी राहिली.

"साऱ्या गावाले फोन लावले. मले काऊन नाही आवतन देल्लं?"

मी कसंबसं म्हणालो की तुमचं तिचं पटत नव्हतं, म्हणून संकोच वाटला.

"नव्हतं पटत. म्हणून काय ती माही कोणी नव्हती?"

एवढं बोलून ती पाटावर बसली. परक्याच्या बायकोला मी कुंकू कसं लावणार? करंडा पुढं सरकवला, तिनं स्वतःच बोट बुडवून लावलं. मी लांब, दाराशी जाऊन बसलो. तिनं ताटावरचं झाकण काढलं, चित्राहुती घातल्या आणि जेवायला लागली.

पितर जेवताना बोलत नाहीत, निदान नावं तरी ठेवत नाहीत. या बाईनं पहिल्या घासापासून सुरुवात केली. पुरणात जायफळ नाही. पोळीला तूप पुरत नाही. आमटी कुठं आहे? मी म्हणालो, आमटी केली नाही. तर मग डाळीचा कट कुठं आहे? कट म्हणजे पुरणाची डाळ शिजवल्यावर निथळतं ते पाणी, त्याचीच आखजीची आमटी होते, हे मला त्या क्षणी कळलं. मी ते सकाळी जास्वंदीला घातलं होतं. हे ऐकून ती एवढी संतापली की हातातला घास तसाच राहिला. म्हणाली, या घरात कोणाले काही शिकवलंच नाही त्या बाईनं. मी ऐकून घेतलं. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. संक्रांतीपासून या घरात कोणी मला रागावलं नव्हतं.

मग तिनं कुरडई उचलली, एक तुकडा मोडला, तोंडात घातला आणि चावायची थांबली.

"ह्या तिच्या हातच्या," ती म्हणाली.

मी मान हलवली. तिनं उरलेली कुरडई ताटात ठेवली. मग हळू आवाजात सांगू लागली. या कुरडया वाळत होत्या तेव्हा शेवग्याचा पाला उडून त्यांच्यावर पडला होता आणि दोघींचं कडाक्याचं वाजलं होतं. आता ती रोज उठून आमच्या बाजूला पडलेला पाला भिंतीवरून वाकून काढते, कोणी ओरडत नाही, आणि घरात तिचा नवरा टीव्हीसमोरून हलत नाही. भांडायले तरी कोणी पायजे का नाही, असं म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला. मला वाटत होतं, हिच्या जाण्यानं फक्त मीच एकटा पडलोय.

ताटात काही शिल्लक ठेवलं नाही तिनं. अळणी भातसुद्धा संपवला. आता विचारायची वेळ आली. वहिनी, पोट भरलं का, असं मी विचारणार होतो. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"भरलं का गं पोट?"

लाजेनं मेल्यासारखं झालं. पण तिनं मला दुरुस्त केलं नाही. पदर नीट केला, माझ्याकडे न बघता म्हणाली, "भरलं. आता तुम्ही जेवा."

फोनवर मला दिवसातून दहा वेळा लोक विचारायचे, जेवलात का. समोर बसून जेवा म्हणणारं कोणी नव्हतं. मी माझं ताट घेतलं आणि तिथंच दाराशी बसलो. पहिला घास तोंडात घातला आणि रडू फुटलं. घास गिळवेना, थुंकवेना, तसाच हुंदके देत बसलो.

पितरानं पाटावरून उठून कोणाला वाढायचं नसतं, तशी रीत नाही. ती उठली, आत गेली, डब्यातून पोळी काढून आणली आणि माझ्या ताटात वाढली.