आधी भिंत, मग खिडकी

ओव्हिड त्राहाँ कुणाच्याही घरी गेला की आधी दाराशेजारच्या भिंतीला तळहात लावून हलकेच ढकलून पाहायचा आणि मगच "काय, कसं काय" विचारायचा. लग्नघरी हेच, मयताच्या घरीही हेच. गावच्या चर्चमध्ये नवे पाद्री आले, त्यांनी स्वागताला हात पुढे केला, तेव्हाही ओव्हिडचा उजवा हात भिंतीवरच होता. बिचाऱ्या पाद्रीबाबांना डाव्या हातावर समाधान मानावं लागलं. आन्स-पेर्दी गावात त्याला लहानथोर 'ढकल्या' म्हणत आणि त्याला त्याचा राग येत नसे. भाताची खाचरं आणि चिंगळ्यांची तळी यांच्यामधला तो सगळा सपाट मुलूख. समुद्रावरून वारा सुटला की त्याला अडवायला टेकडी नाही की डोंगर नाही. जे काही अडवायचं ते घरांच्या लाकडी भिंतींनीच.

त्या भिंती उभ्या करण्यात ओव्हिडचा जन्म गेला होता. गुरुवारी शेजारच्या क्लेबेअरकडे पत्त्यांचा डाव रंगला आणि कुणी नवखा बसलेला दिसला की ओव्हिड खिशातून काडेपेटी काढायचा. आतला काड्यांचा खण बाजूला ठेवायचा, रिकामं टरफल टेबलावर उभं करायचं आणि एका बोटानं कोपरा दाबायचा. टरफल चपटं व्हायचं.

"हे उभे वासे छपराचं ओझं पेलतात," तो सांगायचा. "पण बाजूनं रेटा आला की त्यांचं काही चालत नाही. उभं राहणं वेगळं आणि रेटा सोसणं वेगळं." मग तो खण परत आत सरकवायचा आणि पुन्हा दाबायचा. आता पेटी हलायची नाही. "भिंतीच्या कोपऱ्यात तिरपी पट्टी मारा, नाहीतर न कापलेला अख्खा प्लायवूड लावा, कडांना जवळ जवळ खिळे मारून. मग येऊ दे वारा."

"नोंक ओव्हिड," क्लेबेअर म्हणायचा (तिथं वडीलधाऱ्याला नोंक, म्हणजे काका म्हणतात), "तुमचं कीर्तन झालं असेल तर पानं वाटा. नाहीतर मी तुमच्याच काडीनं तुमची पेटी पेटवतो."

घर बांधायला निघालेल्या बायकांना कोपऱ्यात खिडकी हवी असायची. दोन्ही बाजूंनी वारा येतो, रस्ताही दिसतो आणि शेतही. ओव्हिड एकीलाही दाद देत नसे. "आधी भिंत, मग खिडकी," एवढंच म्हणायचा. जिल्ह्याच्या कचेरीनं बांधकामाचे नियम छापले आणि तपासनीस नेमले, त्याच्या कितीतरी आधीपासून त्याचा हा नियम चालू होता.

याचं मूळ त्याच्या लहानपणी होतं. ओव्हिड पाच वर्षांचा असताना त्याची थोरली बहीण एल्मिर तापानं अंथरुणाला खिळली. उन्हाळा, वाऱ्याची झुळूक नाही, बारा वर्षांची पोर घामानं भिजून पडलेली. वडिलांनी तिच्या उशाशी, घराच्या कोपऱ्यात, एक खिडकी काढली. ताप उतरला. पण पुढच्याच वर्षी मोठं वादळ आलं आणि त्राहाँचं घर पडलं नाही, नुसतं वाकलं. सकाळी पाहतात तो भिंती चर्चच्या दिशेला झुकलेल्या, दारं शंकरपाळ्यासारखी तिरकी झालेली. वडिलांनी बाहेरून सायप्रसचे दोन मोठे टेकू लावले आणि दार बसेना म्हणून दारच तिरकं कापलं. टेकूंवर कोंबड्या बसू लागल्या. भिंतीवरचं कॅलेंडर खालून वीतभर अधांतरी लोंबायचं. वडिलांचं नाव थेओजेन. लोक म्हणत, "थेओजेनचं घर चर्चला नमस्कार करतंय. घरातली माणसं करत नाहीत, निदान घर तरी करतंय." तसल्या घरात ती भावंडं वाढली. रात्री आपल्या अंगावर झुकलेल्या भिंतीखाली झोपताना ओव्हिड मनाशी म्हणायचा, मोठा झालो की हिला सरळ करीन.

आणि केलीही. सुतारकामात हात बसल्यावर त्यानं साखळी आणि कप्पी लावून रोज थोडं थोडं ओढत घर उभं केलं. सरळ झालेल्या कोपऱ्यांवर प्लायवूड ठोकला. एल्मिरची खिडकी त्याखाली गेली. तोवर आईवडील वारले होते आणि एल्मिर लग्न न करता त्याच घरात शिवणकाम करून राहत होती. तिनं आठवडाभर त्याला बिनसाखरेची कॉफी दिली. मग तिनं शिलाईचं मशीन पुढच्या ओसरीवर नेलं आणि बाकीचं आयुष्य तिथंच शिवत बसली.

ओव्हिडचं घर तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. रोज सकाळी उजाडायच्या सुमाराला तो तिच्या ओसरीवर जायचा, ती काळी कडक कॉफी गाळायची आणि दोघं गावाची उणीदुणी काढत बसायची. त्याची बायको आझेली म्हणायची, "माझ्याशी लग्न केलंस, पण सकाळ काही मला दिली नाहीस."

मग गेल्या वर्षी सप्टेंबरातल्या वादळात अंगणातला पेकानचा जुना वृक्ष आडवा झाला आणि थेट एल्मिरच्या घरावर आला. भिंतींनी वारा सोसला. वरून पडलेल्या झाडाला मात्र त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. एल्मिर तेव्हा गावात नव्हती, म्हणून वाचली. लांबच्या नात्यातल्या एका भाचीनं तिला लफायेत शहरात तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरी ठेवून घेतलं.

गावानं ठरवलं, तांत एल्मिरचं, म्हणजे एल्मिरमावशीचं, घर सगळ्यांनी मिळून पुन्हा बांधायचं. ओव्हिडनं नकाशा काढला आणि आनंदानं बहिणीला फोन केला.

"कोपऱ्यात माझी खिडकी आहे का?" तिनं विचारलं.

"कोपऱ्यात भिंत आहे."

"मग त्या भिंतीत तूच राहा, टी-ओव्ह." धाकटा म्हणून ती त्याला अजून टी-ओव्ह म्हणायची. "मी इथं मजेत आहे. इथं लिफ्ट आहे."

"एल्मिर, तू ऐंशीची झालीस. हट्ट कसला करतेस?"

"ऐंशीची झाले म्हणूनच. खिडकी असेल तर येते. नसेल तर इथलं कब्रस्तान काही वाईट नाही, पाहून आले मी."

फोन ठेवल्यावर ओव्हिडनं नकाशाच्या कोपऱ्यात एक खिडकी काढली आणि लगेच तिच्यावर फुली मारली. दुसऱ्या दिवशी तो सवयीनं सकाळी उठून मोकळ्या झालेल्या जागेवर गेला आणि उरलेल्या पायरीवर बसून थर्मासमधली कॉफी एकट्यानं प्यायला. तिसऱ्या दिवशीही तेच. आझेली खिडकीतून पाहत होती. तिला कळलं की दोघं अशीच अडून राहिली तर घर उभं राहील, पण एल्मिर त्यात नसेल.

पायाचं काम बघायला कचेरीतून तपासनीस आल्या, मिस डार्लीन. तिशीतल्या, डोक्यावर टोपी, गाडीत कुत्रा. आझेलीनं कॉफी आणली आणि कपाबरोबर नकाशाही त्यांच्या हातात दिला. कोपऱ्यातल्या खिडकीवर ओव्हिडनं पेन्सिलीनं फुली मारली होती.

"ही का खोडली?" मिस डार्लीननी विचारलं.

"कोपरा आहे तिथं. कोपरा भरीव हवा."

"असला तर बरंच. पण नियम असं म्हणत नाही, मिस्टर त्राहाँ." त्यांनी नकाशा गाडीच्या बॉनेटवर पसरला. "भरीव पट्टा कोपऱ्यापासून ठरावीक अंतराच्या आत सुरू झाला पाहिजे. अगदी कोपऱ्यालाच चिकटला पाहिजे असं नाही. खिडकी इथं घ्या. तिच्याशेजारी चार फूट अख्खा प्लायवूड, खालपासून वरपर्यंत, मधे एकही भोक नाही. बाजूच्या भिंतीतही तसंच. खाली पायाला लोखंडी पट्ट्यांनी नीट बांधा. आकडे मी तपासून देते."

"पन्नास वर्षं मी कोपऱ्यालाच ठोकतोय."

"ठोका की. जास्त केलं म्हणून कुणाला दंड होत नाही." त्या हसल्या. "पण 'नाही' म्हणायचं असेल तर तुमचं तुम्ही म्हणा. माझ्या नावावर नको."

गाडी गेली. आझेली कप गोळा करत म्हणाली, "बहीण हो म्हणते. कचेरी हो म्हणते. मग नाही म्हणणारा कोण उरला?"

"तुला सगळं ठाऊक नाही," ओव्हिड म्हणाला.

"मग जिला ठाऊक असायला हवं तिला तरी सांगून ये."

सोमवारी तो लफायेतला गेला. सोमवारच्या तिथल्या रिवाजाप्रमाणे एल्मिरनं लाल घेवडा आणि भात केला होता, वर धुरावलेल्या सॉसेजचे तुकडे.

"आलास? भिंत ढकलून झाली?"

"काँक्रीटची आहे. तिला काय ढकलायचं."

"मग बस. निवतंय."

तो बसला. दोन घास खाल्ले आणि चमचा खाली ठेवला. "एल्मिर, एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. आपलं घर वाकलं ते तुझ्या खिडकीपायी. मी घर सरळ केलं तेव्हा भिंत उघडली होती. आत कोपऱ्याची तिरपी पट्टी मधूनच कापलेली. खिडकी बसवायला पापांनीच कापली असणार. तुझ्या जिवाला लागेल म्हणून बोललो नाही. पण तेव्हापासून कोपऱ्यात खिडकी म्हटलं की माझा हात पुढे होत नाही."

एल्मिरनं त्याच्या ताटात आणखी घेवडा वाढला. "करवतीनं कापलेली होती ना?"

"हो."

"सरळ होती की वाकडी?"

"वाकडी. पापांचं काम वाटत नव्हतं."

"वाकडी असणारच. पट्टीचं दुसरं टोक मी धरलं होतं. अंगात ताप, हात लटलट कापत होते."

ओव्हिडनं ताट बाजूला सारलं.

"म्हटलं, पापा, ही फळी कशाला असते? म्हणाले, घर उभं राहायला. म्हटलं, मग कापता कशाला? तर म्हणाले, घर वाकलं तर सरळ करता येतं, पोरी. तू नीट धर."

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

"वादळाच्या दुसऱ्या दिवसापासून. पापांना वाटत होतं मला कळलं नाही, म्हणून मीही कळू दिलं नाही." तिनं पाण्याचा घोट घेतला. "आणि ते म्हणाले तसंच झालं की. तू केलंस घर सरळ. वाकलेल्या घरात मी त्या खिडकीशी इतकी वर्षं निजले, एकदाही ताप आला नाही. सरळ घरात मात्र ओसरीवर बसून शिवलं आणि डासांना रक्त पाजलं."

"मग तेव्हाच सांगायचंस."

"तू तरी कुठं सांगितलंस? त्राहाँची माणसं आपण. बोलायचं ते पत्ते खेळताना बोलतो." ती उठली आणि कॉफीचं पाणी ठेवलं. "घर पडावं असं मी म्हणत नाही, टी-ओव्ह. खिडकी हवी आणि घरही उभं हवं. तू सुतार आहेस ना?"

ओव्हिडनं खिशातून नकाशा काढला. पेन्सिलीची फुली खोडलेली होती. ती त्यानं येतानाच बसस्टॉपवर खोडली होती.

भिंत उभी करायच्या दिवशी निम्मं गाव जमलं. जमिनीवर आडवी ठेवून भिंत जुळवली. ओव्हिडनं दोन्ही कर्ण मोजले, ते सारखे भरेपर्यंत कुणाला खिळा मारू दिला नाही. खिडकीची चौकट कोपऱ्याशी, आणि तिच्या शेजारी चार फूट अख्खा प्लायवूड. तिथं त्यानं दुसऱ्या कुणाला हातोडी लावू दिली नाही.

"नोंक," क्लेबेअर म्हणाला, "एवढे खिळे? उद्या लोहचुंबकाची गाडी रस्त्यानं गेली तर तांत एल्मिर घरासकट मागे जाईल."

"तू वासा धर आणि तोंड मिट."

सगळ्यांनी मिळून भिंत उचलली. ती हळूहळू उठली, उभी राहिली, टेकू लागले. ओव्हिडनं पुढे होऊन तळहात लावला आणि ढकललं. मग खांदा लावून ढकललं. मग क्लेबेअरला बोलावलं आणि दोघांनी ढकललं. बायका ओसरीच्या पायाशी बसून बूदँ, म्हणजे भात भरलेली सॉसेजं, खात होत्या. कुणीतरी म्हणालं, आता पाद्रीबाबांनाही बोलवा.

आतल्या भिंती लागण्याआधी मिस डार्लीन आल्या. खिडकीशेजारच्या पट्ट्यावर त्यांनी फूटपट्टी ठेवली, खिळ्यांमधलं अंतर पाहिलं आणि चष्मा वर केला. "नियमात सांगितलेत त्याच्या दुप्पट आहेत हे."

"चालत नाही का?"

"चालतं. कारण तेवढं विचारतेय."

"बहीण राहणार आहे," ओव्हिड म्हणाला. त्यांनी सही केली.

एल्मिर आली ती चर्चची रविवारची टोपी घालूनच. पायऱ्या चढली, दारात थांबली आणि सगळ्यांच्या देखत दाराशेजारच्या भिंतीला तळहात लावून ढकललं. "बरी आहे," म्हणाली आणि थेट कोपऱ्याकडे गेली. एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला क्लेबेअरची खाचरं, पाणी भरलेली, बगळे उतरलेले. तिनं मशीन तिथं आणायला सांगितलं. शेजारच्या चार फुटांच्या भरीव भिंतीकडे पाहून म्हणाली, "हे एवढं रिकामं कशाला?"

"ते रिकामं नाही. घर त्याच्यावर आहे. तिथं काही ठोकू नकोस."

दुसऱ्याच सकाळी तिथं कॅलेंडर होतं. खालून वरपर्यंत भिंतीला चिकटून टेकलेलं. ओव्हिडनं ते पाहिलं, खिळा पाहिला आणि कॉफीला बसला.

यंदाच्या ऑक्टोबरात एक दिवस दक्षिणेकडून जोराचा वारा सुटला. वादळ नव्हे, पण तळ्यांवरचं पाणी थरथरू लागलं आणि ओसरीवरची खुर्ची आपोआप डुलू लागली. एल्मिरनं खिडकी निम्मी लावून घेतली, निम्मी उघडी ठेवली. वारा आत येऊन टेबलावरचं कापड हलवून गेला. ओव्हिड उठला आणि भिंतीकडे निघाला.

"बस खाली, टी-ओव्ह," ती सुईत दोरा ओवत म्हणाली. "कॉफी निवते."

तो बसला. साखर घातलेली होती.