आमचे फुगेसाहेब

इतर साहेबांच्या खिशात पेन असतं, गाडीची किल्ली असते. आमच्या साहेबांच्या खिशात फुगे असायचे. लाल, पिवळे, पावडर लावलेले. सहीसाठी पेन मागितलं की आधी दोन फुगे टेबलावर पडायचे, मग पेन निघायचं. बारामती एमआयडीसीतल्या आमच्या बिस्किटांच्या कंपनीत त्यांना सगळे फुगेसाहेबच म्हणायचे. तोंडावर नाही अर्थात.

गडी मूळचा इंदापूरचा. कामगारांच्या रजा, तक्रारी बघणं हे त्यांचं काम. रजा मागितली तर ‘कशाला’ म्हणून कधी विचारलं नाही त्यांनी. कुणाचं पोर तापलं तर स्वतःच्या मोटरसायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. माणूस सोन्यासारखा, पण त्याला टीम बिल्डिंगचं खूळ होतं. महिन्याला एक खेळ घ्या, असा पुण्याच्या हेड ऑफिसचा हुकूम होता, आणि हा बाबा तो हौसेनं पाळायचा.

आम्ही पॅकिंगच्या बायका. केसांवर जाळी, कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय लाईनवर उभं राहायचं नाही. आणि खेळात काय, तर एकीनं अर्धा फुगवलेला फुगा दुसरीनं तोंडात धरून पुढं फुगवायचा! शी! दुसऱ्याच्या थुंकीनं ओलं झालेलं ते रबर ओठाला लागलं आणि मला मळमळलंच. मी म्हटलं, "साहेब, असली घाण आमी घरात चालू देत न्हाय."

"ताई, कंपनी म्हणजे एक कुटुंब!" हे त्यांचं पालुपद.

"कुटुंब म्हटलं की भाऊबंदकी आलीच की मग," मी म्हणाले, तर त्यावरही खो खो हसले. त्या माणसावर राग धरता यायचा नाही, हीच पंचाईत.

भाऊबंदकी तर होतीच. मशीन बंद पडलं की मेंटेनन्सचे फिटर लवकर यायचे नाहीत, आणि आम्ही त्यांच्या नावानं शंख करायचो. इलाज साधा होता. आमच्या लाईनला एक फिटर कायमचा द्यायचा. पण साहेबांना वाटलं, दोघांत बोलणं कमी पडतंय. म्हणून खेळ काढला. पॅकिंगची एक बाई आणि मेंटेनन्सचा एक गडी, पाठीला पाठ, मध्ये फुगा, आणि तसंच गेटापासून कॅन्टीनपर्यंत चालायचं. "लाज कशी वाटत न्हाय हो?" मी तोंडावर विचारलं. पुण्यात सगळे खेळतात म्हणे!

त्यात आणखी शहाणपण केलं. एका गावची माणसं जोडीला दिली तर बुजणार नाहीत, असं त्यांच्या डोक्यात. म्हणून कऱ्हाटीच्या सुरेखाला कऱ्हाटीच्याच फिटरला जोडून दिलं. आडनावही एकच निघालं, साहेब खूश! अहो, तो तिचा थोरला चुलत दीर. गावात तो समोरून आला तर ती पदर सावरून वाटेच्या कडेला उभी राहते. आता त्याच्याच देखत ती ‘नको’ म्हणायला तोंड कसं उघडणार? मान खाली घालून चालली बिचारी. दीरही घामानं भिजला. मी धावत जाऊन तो फुगा टाचणीनं फोडला, पण तोवर कुणा दीडशहाण्यानं फोटो ग्रुपवर टाकला होता. संध्याकाळी तो कऱ्हाटीत पोचला. दुसऱ्या दिवशी सुरेखा कामावर आली नाही. सासऱ्यानं बंदच केलं. लेकीला नर्सिंगला घालायचं म्हणून राबत होती हो ती. सगळ्यावर पाणी पडलं.

रविवारी साहेब मला घेऊन कऱ्हाटीला गेले. सुरेखाचे सासरे, आबा, खाटेवर बसलेले. साहेब खाली जमिनीवर बसले. ऑफिसातली भाषा कुठल्या कुठं पळाली.

"आबा, चूक माझी हाय. तिची न्हाय आन् तिच्या दिराचीबी न्हाय."

आबांनी आधी पाण्याचा तांब्या साहेबांपुढं सरकवला. मग म्हणाले, "सून धाडतो. पर पुन्यांदा असला चाळा नगं. शब्द देता?"

"दिला."

सोमवारी सुरेखा लाईनवर हजर झाली. पुढच्या महिन्यात हेड ऑफिसनं खेळाचे फोटो मागितले. साहेबांनी कळवलं, इथं खेळ होणार नाहीत, पॅकिंगला एक फिटर द्या. तिकडून दम आला. साहेब हलले नाहीत. दुसऱ्यांदा दम आला, तरी नाहीच. शेवटी नोकरी सोडायला लावली त्यांना. फुग्यांपायी या माणसाची मला किती चीड यायची, पण त्या दिवशी ती सगळी चीड हेड ऑफिसवर वळली.

निघायच्या दिवशी सुरेखानं डबा आणला होता. "साहेब, भाकरी खाऊन जावा," एवढंच म्हणाली. कॅन्टीनच्या पायरीवर बसून त्यांनी खाल्ली. आम्ही बायका भोवती, आणि चार हातांवर मेंटेनन्सचे सगळे, त्यांत तो दीरही.

"कारण काय दिलं हो त्यांनी?" मी विचारलं.

साहेब हसले. "माझ्यात संघभावना न्हाय म्हणं."

पुण्याच्या दिशेला हात करून मी जी शिवी हासडली ती इथं लिहिण्यासारखी नाही. भावजय समोर असताना कधी तोंड न उघडणारा तो फिटर मोठ्यानं म्हणाला, "आजून एक हासडा ताई, आमच्याकडनं."