भिंतीतलं दार आणि परवानगीचा संडास

यवतमाळ जिल्ह्यातल्या ज्या तालुक्याच्या गावात आम्ही राहतो, त्याचं नाव मी सांगणार नाही. संकोच म्हणून नव्हे. मला अजून बांधकामाचा पूर्णत्वाचा दाखला मिळायचा आहे, आणि तो मिळेपर्यंत माणसाने नगरपंचायतीबद्दल चांगलंच बोलावं एवढी अक्कल मला आता आली आहे. तर चांगलंच बोलतो.

गोष्ट एका संडासाची आहे. आई सपरीच्या, म्हणजे पुढच्या पडवीच्या, पायरीवरून पडली आणि तिचा खुबा मोडला. यवतमाळला ऑपरेशन झालं, वॉकर घेऊन ती घरी आली, हळूहळू चालायलाही लागली, पण घरातल्या घरात. आमचा संडास घरामागे, सांदवाडीच्या म्हणजे परसाच्या अगदी टोकाला, कडुनिंबाखाली. बाबांनी तो मुद्दाम तिथे बांधला होता. अशी गोष्ट घरापासून जितकी लांब तितकं घर सभ्य, असं त्यांचं मत होतं. आता त्या सभ्यतेपर्यंत पोचायला पायऱ्या उतरायच्या, आणि पावसाळ्यात शेवाळावरून जायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं की म्हातारी पुन्हा पडली तर उठणार नाही. म्हणून खाटेखाली भांडं आलं.

आईने त्या भांड्याकडे एकदा पाहिलं आणि पाणी पिणं कमी केलं. आम्हाला कळलंच नाही. तांब्या भरलेला असायचा आणि भरलेलाच राहायचा. मग ताप आला, लघवीला जळजळ सुरू झाली, डॉक्टर आमच्यावर ओरडले. मी घरी येऊन विचारलं तर म्हणाली, "प्यालं म्हणजे जा लागते. जा लागलं म्हणजे सुनेले उचला लागते. कायले पेऊ?" मला रडू आलं. मग राग आला, आणि तो बरेच दिवस पुरला.

उपाय सोपा होता. आईच्या खोलीला लागून मागच्या बाजूला एक लहानसा संडास-बाथरूम काढायचा. मिस्त्री म्हणाला, आठवड्याचं काम. मी रेती बोलावली आणि इथेच चुकलो, कारण ती मंगळवारी बोलावली. आमच्या गावातली जाणती माणसं शनिवारी ऑफिस बंद झाल्यावर रेती टाकतात, आणि सोमवारी ऑफिस उघडतं तेव्हा भिंत उभी असते. उभ्या भिंतीला कोणी काही विचारत नाही. पडलेल्या रेतीला मात्र गावात फार मान. कोणाच्या घरी लेकरू जन्माला आलं तर त्याची नोंद व्हायला वेळ लागतो. रेतीची नोंद दुपारच्या आत झाली. नगरपंचायतीचा माणूस आला, ढिगावर टेकला आणि म्हणाला, "गुरुजी, तुमी तं नागरिकशास्त्र शिकवता. परवानगी?"

मी खरोखरच नागरिकशास्त्र शिकवतो. त्यामुळे मी दुसऱ्या दिवशी परवानगी काढायला गेलो. हे ऐकून आमच्या गल्लीत जी करमणूक झाली ती अजून संपलेली नाही.

परवानगी आता ऑनलाइन मिळते, म्हणजे ऑफिसात जावं लागत नाही. हे मला ऑफिसात गेल्यावर समजलं, आणि ते नीट समजून घ्यायला मी पुढे पुष्कळदा ऑफिसात गेलो. अभियंता साहेबांकडे दोन गावांचा कार्यभार. आमच्या वाट्याला मंगळवार आणि शुक्रवार. मंगळवारी गेलो की ते शुक्रवारी येणार असत, आणि शुक्रवारी गेलो की मंगळवारी येऊन गेलेले असत. मी दर वेळी त्यांच्या रिकाम्या खुर्चीला नमस्कार करून परत येई. खुर्ची चांगली होती, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

नकाशा काढणाऱ्याने तर माझं जग मोठं केलं. त्याने संगणकावर आमचं घर काढलं आणि विचारलं, "पार्किंग कुठं दाखवू?" मी म्हणालो, अहो, संडास बांधतोय. तो म्हणाला, "त्याच्याशिवाय सिस्टम घेत नाही." आमच्या घरात चार पायांचं वाहन म्हणजे आईचा वॉकर. तरी नकाशात तुळशीच्या जागी मोटार उभी राहिली. पावसाचं पाणी मुरवायचा खड्डा आला, दोन झाडं आली. कडुनिंब आहे म्हटलं तर तो चालेना, कारण तो आधीपासून होता. मग घराच्या चहूबाजूंनी मोकळी जागा सोडायची वेळ आली आणि गाडी अडली. आमच्या उजव्या हाताला मोकळी जागा नाहीच. तिथे शेजारच्या काकूंचं घर आहे. आमची आणि त्यांची भिंत एकच, मातीची, हातभर जाड, आई आणि काकू दोघींच्या सासऱ्यांच्या काळातली.

"मंग शेजाऱ्याची संमती आणा," नकाशावाला म्हणाला. त्याला वाटलं, हे सगळ्यात सोपं काम आहे.

आता काकूंबद्दल सांगायला हवं. काकू आणि आई एकमेकींशी बोलत नव्हत्या. आमच्या छपराच्या टिनाचं पाणी काकूंच्या मागच्या अंगणात पडतं, यावरून भांडण झालं तेव्हा मी कॉलेजात होतो. तेव्हापासून अबोला. पण आमच्याकडचा अबोला म्हणजे काही शेजाऱ्याला अंधारात ठेवणं नव्हे. त्याची एक रीत आहे. काकूंची शेळी दोन्ही ओट्यांच्या मध्ये बांधलेली असते, आणि जे सांगायचं ते शेळीला सांगायचं. "काहून वं शेळे, आज नळ नाही येणार म्हणते," असं आई आपल्या ओट्यावरून म्हणे, आणि काकूंच्या घरी लगेच बादल्या वाजत. "शेळे, बाजारात तुरीची दाळ चांगली आली," असं काकू म्हणत, आणि आई मला पिशवी देई. एकीच्या घरचे अनारसे दुसरीकडे जात, तेही शेळीला आधी कळवून. शेळ्या बदलल्या, रीत तीच राहिली. गावात काय चाललंय हे त्या शेळीइतकं वर्तमानपत्रालाही माहीत नसेल.

मी संमतीचा कागद घेऊन काकूंकडे गेलो. त्यांनी चहा दिला, आईच्या खुब्याची चौकशी केली, ऑपरेशनची प्रत्येक गोष्ट त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती. मग कागद बाजूला सरकवून म्हणाल्या, "सही देतो ना बाप्पा. कायले नाही देणार? पण तिनं मले मांगावं. मले. शेळीले नाही."

घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "मी नाही मांगत. राहू दे तुया संडास." आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. माझं डोकं असं तापलं की सांगता सोय नाही. एकीकडे सरकार, एकीकडे या दोघी, आणि मधे रेतीच्या ढिगावर कुत्री झोपलेली.

ताप पुन्हा आला. एका सकाळी मी आईजवळ बसून चमच्याने पाणी पाजत होतो आणि ती ओठ घट्ट मिटून होती. खिडकीतून काकूंचा आवाज आला. त्या शेळीशी बोलत होत्या, पण इतक्या मोठ्याने की शेळी बावरली असावी. "शेळे, बुढी पाणी पेऊन नाही राह्यली म्हणते. तिच्या खाटीच्या भिंतीपलीकडंच माया संडास आहे. पोरानं बांधून देल्ला, बसाचा आहे, आरामाचा. मधात भिंत नसती तं बुढी चार पावलांत गेली असती. पण सांगन कोण तिले? तिच्या तोंडाले तं कुलूप आहे."

काकूंचा मुलगा पुण्याला असतो. त्याची रेती शनिवारी पडली होती.

आईने खाटेला टेकवलेला वॉकर ओढला आणि त्याच्या पायाने भिंतीवर दणादण ठोकलं.

"ऐकलं का वं?" ती म्हणाली.

काकू पलीकडून भिंतीजवळ येऊन म्हणाल्या, "ऐकून राह्यली ना. बोल."

"सही दे. आन दार बी दे."

इतक्या वर्षांनंतरचं हे पहिलं वाक्य. मला वाटलं होतं, दोघी रडतील वगैरे. काकू फक्त म्हणाल्या, "पण टिनाचं पाणी माया आंगणात पडते ते पडतेच." आई म्हणाली, "पडते तं पडते."

मिस्त्री रिकामाच बसला होता. त्याने भिंत फोडली. नव्या बाथरूमसाठी आणलेलं दार तिथे बसवलं. परवानगी, नकाशा, पार्किंग, झाडं, काही नाही. दुपारी सुरू केलेलं काम दिवस मावळायच्या आत संपलं. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात याचा धडा नाही, म्हणून मी त्याबद्दल वर्गात काही बोललो नाही. आई त्या संध्याकाळी वॉकर टेकत दारातून पलीकडे गेली. काकूंनी हात धरला. परत आल्यावर तिने स्वतः तांब्या उचलला आणि घटाघट पाणी प्याली. मी बाहेर जाऊन ओट्यावर बसलो, कारण माझा चेहरा बायकोला दाखवण्यासारखा नव्हता.

काकूंची सही लावून मी अर्ज भरला. आणि मग, अर्थातच, अभियंता साहेब आले. न कळवता, तेही बुधवारी. जागा पाहायला.

बायकोने फाटकातूनच त्यांना पाहिलं. आम्ही दोघांनी धावत जाऊन आईच्या खोलीतली लोखंडी आलमारी ढकलत ढकलत त्या दारासमोर नेली. नकाशात तिथे पक्की भिंत होती, तर ती पक्की दिसायला हवी. साहेब आत आले, भिंती पाहिल्या, टेप लावला. सारं छान चाललं होतं. मग त्यांनी रिकाम्या खाटेकडे पाहून विचारलं, "पेशंट कुठं आहे? ज्यांच्यासाठी संडास पाहिजे त्या?"

मी बायकोकडे पाहिलं. बायकोने माझ्याकडे. गडबडीत आई पलीकडे गेलेली आहे हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं.

आलमारीच्या मागून ठकठक ऐकू आली. "अवं, काय लावून ठेवलं दाराले? मले येऊ द्या ना!" त्यामागून काकू, "आलमारी सरकव रे बापा, बुढी उभी आहे!"

साहेबांनी टेप खिशात ठेवला आणि आलमारीला एका बाजूने हात लावला. आम्ही तिघांनी ती सरकवली. आई वॉकर घेऊन आत आली, खाटेवर बसली आणि त्यांना म्हणाली, "बसा ना भाऊ. चाय झाला का?"

साहेबांनी चहा घेतला, दाराकडे सावकाश पाहिलं आणि म्हणाले, "गुरुजी, अर्जात या दाराचा उल्लेख नाही. म्हणजे हे दार नाही. नसलेल्या दारावर मी काय शेरा मारू?" एवढं सुंदर नागरिकशास्त्र मला वर्गात कधी जमलं नव्हतं. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो.

परवानगी आली. संडास बांधला. खाली खरबरीत फरशी, धरायला दांडी, आईच्या बेताच्या उंचीचा कमोड. दोन झाडं लावली, त्यातलं एक शेळीने खाल्लं. मी स्वतः आईला आत नेऊन सगळं दाखवलं. तिने दांडी धरून पाहिली, नळ सोडून पाहिला, चांगला आहे म्हणाली. आणि संध्याकाळी नेहमीसारखी काकूंकडे गेली.

मग पूर्णत्वाच्या दाखल्यासाठी साहेब पुन्हा आले. या वेळी आलमारीला हात लावायचा नाही, असं आईने आम्हाला आधीच बजावलं होतं. दार उघडं होतं आणि पलीकडे काकू बसून वाती वळत होत्या. साहेब अवघडले. सौम्यपणे म्हणाले, "आजी, आता तुमचा स्वतःचा संडास झाला. सिस्टममध्ये दोन घरं वेगळी आहेत. हे दार बुजवा, फोटो पाठवा, लगेच दाखला देतो. तुम्हाला आता या दाराचं काम नाही."

आईने त्यांचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं.

"संडास आन दार, दोन्हीतलं एक काढाच लागते का भाऊ?"

"हो, नियमच तसा आहे."

"मंग नवा संडास पाडा," आई म्हणाली. "त्याले परवानगी आहे, पण त्याच्या आत बोलाले कोणी नाही."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी शेळीकडे पाहिलं. दाखला अजून मिळालेला नाही, आणि सरकारच्या हिशेबी आमचं घर अपूर्ण आहे. आईचा तांब्या मात्र दिवसातून कितीदा तरी भरावा लागतो.