उतारावरचा बर्फ आणि बारा फरशा

ट्रॅक्टर उताराच्या मधोमध थांबला. इंजिन चालू होतं, मी पेडल दाबून धरलं होतं आणि मागचं उजवं चाक जागच्या जागी गरगर फिरत होतं. डावं चाक हलतही नव्हतं. वर रस्त्याच्या कडेला रुग्णांची ने-आण करणारी टॅक्सी-बस उभी होती. तिचा ड्रायव्हर दोन पावलं खाली आला, बुटाने बर्फ चाचपला आणि मागे फिरला.

"मी खाली आलो तर वर चढणार नाही," तो म्हणाला. "साफ झालं की फोन करा. एक वाजेपर्यंत मी याच भागात आहे."

तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते.

ही गोष्ट २०१० नंतरच्या पहिल्या एक-दोन हिवाळ्यांतली. मी लायडस्खेनडाम-फोरबर्गमधल्या एका वृद्धनिवासात टेक्निकल सर्व्हिसमध्ये काम करत होते. नाव भारी आहे. काम म्हणजे दिवे बदलणं, बॉयलरचं प्रेशर बघणं, गळके नळ, अडकलेली लिफ्ट आणि उन्हाळ्यात हिरवळ कापणं. आम्ही दोघंच होतो. माझा बॉस विलेम आणि मी.

नेदरलँड्स सपाट आहे असं सगळे म्हणतात. आमची इमारत मात्र कालव्याच्या बांधाला लागून, खालच्या अंगाला होती. रस्ता बांधावरून जायचा आणि तिथून आमच्या दारापर्यंत तीसेक मीटरचा विटांचा उतार होता, खाली एक वळण असलेला. एरवी त्याच्याकडे कोणाचं लक्षही जायचं नाही. त्या आठवड्यात सोमवारपासून बर्फ पडत होता. नगरपालिकेने मोठे रस्ते आणि सायकलचे रस्ते साफ केले. आमचा उतार खासगी, म्हणजे आमची जबाबदारी. बर्फ काढणारा कॉन्ट्रॅक्टर फोन उचलत नव्हता. बर्फ वितळवायला टाकायचं मीठ संपलं होतं आणि दुकानांतही मिळत नव्हतं.

दारातल्या हॉलमध्ये बाकर आजोबा व्हीलचेअरवर बसून होते. ओव्हरकोट, मफलर, मांडीवर पिशवी. त्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागायचं. सोमवारची फेरी बर्फामुळे हुकली होती. आज बुधवार. त्यांचे पाय सुजले होते आणि नर्सने सकाळीच मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की आजही गेले नाहीत तर ॲम्ब्युलन्स बोलवावी लागेल. ॲम्ब्युलन्स तरी या उतारावरून कशी येणार, ते तिलाही माहीत नव्हतं.

मी आत आले तेव्हा त्यांनी विचारलं, "मी आज जाणार आहे का? तेवढंच सांगा."

"बघते," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार.

विलेम घरी आडवा होता. आदल्या दिवशी, मंगळवारी, त्याने याच ट्रॅक्टरने उतार साफ केला होता आणि मग कोपऱ्यातला बर्फ फावड्याने काढताना त्याची कंबर धरली. रात्रीतून पुन्हा वीतभर बर्फ पडला. मी त्याला फोन लावला.

"काल तुझ्याकडून वर चढला होता ना?"

"चढला. नेहमीसारखा."

"विलेम, तुझं वजन किती आहे?"

"एकशे अठरा. का?"

"माझं त्रेपन्न आहे."

इथे थोडं समजावून सांगते. आमचा ट्रॅक्टर म्हणजे शेतातला नव्हे, बागेतला. हिरवळ कापायचं बसकं यंत्र, त्याला हिवाळ्यात पुढे बर्फ ढकलायचं लोखंडी पातं लावायचं. अशा यंत्राला ताकद कमी पडत नाही, पकड कमी पडते. पायात मोजे घालून गुळगुळीत फरशीवर कपाट ढकलून बघा. हातात जोर असतो, पण पाय मागे घसरतात. चाकाचंही तसंच. जोर मागच्या चाकांना मिळतो, म्हणून वजनही त्यांच्यावर हवं. पुढे पातं लावलं की यंत्राचा भार पुढे जातो आणि मागची चाकं हलकी होतात. त्यात डिफरन्शिअल नावाची रचना असते. वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरता यावं म्हणून ती लागते, पण बर्फात ती उलटते. जे चाक घसरतं तेच फिरत राहतं आणि दुसरं नुसतं बघत बसतं.

आतापर्यंत विलेम स्वतः सीटवर बसायचा, म्हणून हे कळलंच नव्हतं. विलेम रजेवर गेला आणि मागच्या चाकांवरचं पासष्ट किलो वजन उतरलं.

मला हे कसं माहीत? मी पुण्यात नऊ वर्षं ट्रॅक्टर टेस्टिंगमध्ये होते. मग नवऱ्याला झुइडास या बँका-ऑफिसांच्या भागात नोकरी मिळाली आणि मी डिपेन्डन्ट म्हणून इकडे आले. दोन वर्षं डच शिकण्यात गेली, एक वर्ष अर्ज पाठवण्यात. या नोकरीच्या इंटरव्ह्यूत मला विचारलं होतं, शिडीवर चढता का? मी हो म्हणाले. माझा सीव्ही समोर टेबलावरच होता. वाईट वाटून घेण्याचे दिवस तोवर संपले होते.

यंत्राच्या मागे जास्तीचं वजन लावतात, त्याला बॅलास्ट म्हणतात. आपल्याकडे शेतकरी ट्रॅक्टरच्या टायरमध्ये सरळ पाणी भरतात. इथे त्याचं बर्फ झालं असतं, आणि न गोठणारं द्रावण भरायला वेळ नव्हता. अंगणात फुटपाथच्या सिमेंटच्या फरशा रचलेल्या होत्या, एकेक साधारण नऊ किलोची. मी बारा फरशा एकेक करून आणल्या, प्लास्टिकच्या क्रेटमध्ये उभ्या केल्या आणि ट्रॉली ओढायच्या मागच्या हुकावर क्रेट पट्ट्यांनी आवळून बांधला. पाठ ओलीचिंब झाली. बाहेर उणे सहा होतं.

पहिल्या फटक्यात ट्रॅक्टर वर चढला. खूप दिवसांनी काहीतरी नीट केल्यासारखं वाटलं, आणि तिथेच चूक झाली.

वरून पातं खाली टेकवून मी बर्फ ढकलत उतरू लागले. वळणावर स्टिअरिंग फिरवलं. पुढची चाकं वळली, ट्रॅक्टर वळला नाही. तो सरळ गेला आणि सायकल स्टँडवर आदळला.

कारण साधं होतं. क्रेट मागच्या ॲक्सलच्या, म्हणजे दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याच्याही मागे लटकत होता. तराजूच्या दांडीसारखं झालं. मागचं वजन पुढचं टोक उचलत होतं. पातं वर असताना त्याचं वजन पुढे तोल धरून होतं. पातं जमिनीला टेकलं, त्याचा भार बर्फावर गेला आणि पुढची चाकं नुसती जमिनीला शिवत राहिली. त्यांनी कशाच्या जोरावर वळायचं? हे मी पुण्यात ट्रेनी लोकांना फळ्यावर काढून दाखवायचे. दरवर्षी.

आवाज ऐकून मरैके बाहेर आली. ती निवासाची मॅनेजर. इथे मॅनेजरलाही नावानेच हाक मारतात.

"कोणाला लागलं का?"

"नाही. स्टँड वाकला. एक सायकल गेली."

"कोणाची?"

"माझीच."

तिने सायकलकडे पाहिलं. पुढचं चाक दुमडलं होतं. "संध्या, पुरे झालं. कोणीतरी मरेल. आपण ॲम्ब्युलन्सला फोन करू, मग ते आणि त्यांचं नशीब."

"वजन चुकीच्या जागी बांधलं होतं," मी म्हणाले. "घाई केली. मला एक तास दे."

"तुला हे येतं?"

"नऊ वर्षं हेच काम केलंय."

ती माझ्याकडे बघत राहिली. "हे कधी बोलली नाहीस."

मी घड्याळ बघितलं. अकराला दहा कमी होते.

"मला चाकांच्या साखळ्या हव्यात," मी म्हणाले. "बर्फात गाडीच्या टायरवर गुंडाळतात त्या. कोणाकडे असतील?"

मरैके म्हणाली, "माझ्या डिकीत आहेत. शनिवारी आम्ही ऑस्ट्रियाला स्कीइंगला निघतोय."

"ट्रॅक्टरचा टायर लहान आहे. कापाव्या लागतील."

"कापल्या की परत जोडता येतात?"

"नाही."

ती आत गेली. मला वाटलं, संपलं. ती गाडीची किल्ली घेऊन आली.

मी गॅरेजमध्ये बसून बोल्ट कटरने साखळ्या कापल्या आणि नटबोल्ट लावून मागच्या टायरवर आवळल्या. बोटांना संवेदना राहिली नव्हती. एक नट तीनदा हातातून पडला. क्रेट हुकावरून काढला. बारापैकी आठ फरशा सीटच्या मागे, दोन्ही मडगार्डच्या मधे, बरोबर ॲक्सलच्या वर येतील अशा बांधल्या. उरलेल्या चार सोडून दिल्या. एवढ्या लहान यंत्राच्या ॲक्सलला किती झेपेल याचा अंदाज होता, खात्री नव्हती. मग पद्धत बदलली. वर जाताना पातं उचललेलं, बर्फाला हात लावायचा नाही. खाली येताना पातं टेकवायचं आणि उताराला काम करू द्यायचं. प्रत्येक खेपेला अर्ध्या पात्याइतकाच बर्फ घ्यायचा.

साखळ्यांचा विटांवर घरघर आवाज येत होता. वळणावर मी स्टिअरिंग फिरवलं. ट्रॅक्टर वळला.

एकोणीस खेपा झाल्या. मधे नवऱ्याचा फोन आला की रेल्वेगाड्या बंद आहेत, तो अडकलाय, मुलीला शाळेतून कोण आणणार? मी म्हटलं, शेजारणीला सांग, आणि फोन ठेवला. पावणेबाराच्या सुमाराला खालच्या विटा दिसू लागल्या. मरैकेने स्वयंपाकघरातून मिठाचे होते नव्हते तेवढे डबे आणले आणि आम्ही दोघींनी ते मुठींनी उतारावर फेकले.

मी ड्रायव्हरला फोन केला आणि साडेबाराला टॅक्सी-बस अगदी हळू खाली आली. बाकर आजोबांना आत चढवलं, खुर्ची पट्ट्यांनी बांधली. वर जाताना बसचं मागचं चाक एकदा सरकलं. आम्ही सगळे जागच्या जागी उभे होतो. मग चाकाने पकड घेतली आणि बस वर रस्त्याला लागली.

संध्याकाळी ते परत आले. चेहऱ्यावर जरा रंग होता. हॉलमध्ये त्यांनी मला थांबवून हात पुढे केला. माझ्या हातांना ग्रीस लागलं होतं, मी तसं सांगितलं. त्यांनी तरीही हात धरला. मी घरी चालत गेले, पाऊण तास.

शुक्रवारी पाऊस पडला आणि दोन दिवसांत सगळा बर्फ वाहून गेला. विटांवर साखळ्यांचे ओरखडे उरले. पुढच्या महिन्यात नवा नियम निघाला की प्रमाणपत्र नसलेल्या कोणीही पातं लावलेला ट्रॅक्टर चालवायचा नाही. मला त्या प्रमाणपत्राच्या एक दिवसाच्या कोर्सला पाठवलं. शिकवणाऱ्याने बॅलास्टवर पाच मिनिटं घालवली. त्यातलं अर्धं चूक होतं. मी हात वर केला नाही.

त्याआधी अपघाताचा फॉर्म भरायचा होता. मरैके माझ्यासमोर बसली होती. ऑस्ट्रियाला ती जाऊन आली होती, दुसऱ्या साखळ्या घेऊन. 'कारण' या रकान्यापाशी ती थांबली.

"घसरडा रस्ता, असं लिहू?"

"नको. वजन ॲक्सलच्या मागे बांधलं होतं, असं लिही."

"तुझ्या नावावर चूक लागेल."

"चूक माझीच होती. रस्ता घसरडा लिहिलंस तर पुढचा माणूस पुन्हा हुकाला फरशा बांधेल."

तिने लिहिलं. मी सही केली आणि तिसऱ्या मजल्यावरचा नळ बघायला गेले. तो सकाळपासून गळत होता.