त्याचं उत्तर मी दिलं

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आईला सांगणार होते — ती गेली. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल.

मिलिंद माझा धाकटा भाऊ. त्याला ऑटिझम आहे हे तो चोवीस वर्षांचा झाल्यावर कळलं. तोवर आम्ही त्याला हट्टी म्हणायचो. मग डिप्रेशनची औषधं सुरू झाली. दर महिन्याला ओपीडीत मीच न्यायची. हिंदी त्याला सगळी समजते, पण घाबरला की तोंडून मराठीच येते. दिल्लीच्या डॉक्टरबाईंना ती कळायची नाही, म्हणून मी दुभाषी. त्याचा मला जरा तोराही होता — माझ्यावाचून याचं पान हलत नाही म्हणून.

त्याचा चेहरा काही सांगत नाही. मेट्रो कितीला येते आणि आजी वारली, दोन्ही एकाच आवाजात सांगतो. पण खोटं? ते त्याला येतच नाही. हे मला माहीत होतं, बाईंना नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी विचारलं, "जीने का मन नहीं करता, ऐसा लगता है?"

मिलिंद म्हणाला, "वाटतं. जेवण झाल्यावर जास्त."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी किती वेळ घेतला? फारसा नाही. रविवारी मला बघायला पुण्याची माणसं येणार होती. भावाला मानसिक वॉर्डात भरती केलंय, हे आमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये पसरायला कितीसा वेळ? मी म्हणाले, "कह रहा है, नहीं."

मिलिंदने ते ऐकलं.

बारा दिवसांनी त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला. बाबा ऑफिसातून लवकर आले, म्हणून वाचला.

वॉर्डात बाईंनी त्याला विचारलं, आधी का नाही बोललास? तो म्हणाला, "सांगितलं होतं. ताईने बदललं." काय म्हणतोय, त्यांनी मला विचारलं. आईबाबा बाहेर बाकावर होते. मी म्हणाले, "थक गया है."

पहिल्या वेळी पुढचं माहीत नव्हतं, असं म्हणता येईल. दुसऱ्या वेळी?

आता तो दिल्लीतच, द्वारकेला माझ्याकडे असतो. दुपारी ऑफिसातून फोन करते. लगेच उचलला नाही तर पुन्हापुन्हा लावत राहते. डॉक्टर नवे आहेत, प्रश्न तोच विचारतात. मिलिंद उत्तर देत नाही. तो थांबतो — मी काय सांगते ते ऐकायला. आणि त्याच्या मनात काय आहे, ते मला आता खरंच माहीत नसतं.