राजाबाईंच्या छत्रीमागचा नंबर

आधीच सांगून ठेवतो, मी तापट माणूस आहे. पार्कातली पोरं माघारी मला 'बॉयलर' म्हणतात, हेही मला ठाऊक आहे. म्हणू देत. मी पद्मराज, मूळचा निपाणीचा. पिरनवाडीच्या पुढं खानापूर रस्त्याला जो पाण्याच्या खेळांचा पार्क झालाय, तिथला शिफ्ट इनचार्ज. आणि हे जे सांगतोय ते मालुआक्काचं. गेल्या मे महिन्यात त्यांची नोकरी गेली, आणि त्यात अर्धा वाटा माझा आहे.

आमच्याकडं बघण्यासारखी एकच गोष्ट, ती म्हणजे बोट. वीस माणसं बसतात. पट्ट्यावरून वर चढते, उंचावर क्षणभर थांबते आणि धाडदिशी खालच्या हौदात पडते. एका खेपेला सात मिनिटं. रविवारी तिच्यासमोर अडीच-अडीच तासांची रांग लागते. ज्याला थांबायचं नाही त्याच्यासाठी पिवळा पट्टा: तिकिटावर तीनशे रुपये जास्त द्या, मनगटाला पट्टा बांधून घ्या आणि बाजूच्या दारातून थेट पुढं जा. पिवळ्या दारात एकजण जरी उभा असला, तरी आधी तो बसणार, मग साधी रांग. नियम मालकांचा, राबवणारा मी.

रांग अडवायला जी दोरी असते, तिच्यावर आधी तीन तरणी पोरं ठेवली होती. एका महिन्यात तिघंही पळाली. रोज भांडणं, रोज शिव्या. शेवटी आमचा गेटवरचा भरमू म्हणाला, "सायेब, आमच्या गल्लीत एक आक्का हायत. पाण्याची लाईन चालवत्यात. त्यास्नी बघा." मी हसलो. पण दुसऱ्या दिवशी मालुआक्का आल्या. साठीला टेकलेल्या, बुटक्या, नऊवारी, हातात स्टीलचा डबा. दोरीजवळ उभ्या राहिल्या आणि भांडणं बंद झाली. कशी झाली, देव जाणे.

त्यांच्या गल्लीत नळाला पाणी येतं आठ-दहा दिवसांनी, तेही जेमतेम दोन तास. आदल्या दिवशीच लोक घागरी, कळश्या, प्लॅस्टिकचे डबे ओळीनं मांडून कामाला जातात. भांडं ठेवलं की नंबर लागला. माणूस असो नसो. त्या ओळीवर अकरा वर्षं मालुआक्कांची नजर होती. सख्ख्या जावेनं एकदा आपली घागर हळूच दोन जागा पुढं सरकवली, तर आक्कांनी ती सगळ्यांसमोर उचलून मागं ठेवली. जाऊ दोन वर्षं बोलत नव्हती.

"मग वाईट नाही वाटलं?" मी विचारलं होतं.

"वाटलं की. पर पानी मिळालंच न्हवं तिला, तिच्या नंबरानं?"

आमच्याकडं रांगेत एक फलक आहे, 'इथून ४५ मिनिटं'. तो मीच रंगवून घेतला. पंचेचाळीस कुठून आले ते मला विचारू नका, तासापेक्षा कमी लिहा एवढंच मालकांनी सांगितलं होतं. मालुआक्का त्या फलकाला पाठ लावून उभ्या राहायच्या आणि येईल त्याला खरं सांगायच्या. "बोर्डावर जाऊ नगा. तुमच्या फुडं अकरा बोटी हायत. बसा सावलीला, मी हाय हितं." हुबळीकडची माणसं 'एष्टु होत्तु?', म्हणजे किती वेळ, असं कानडीत विचारायची, त्यांना बोटं दाखवून "एळु बोट", म्हणजे सात बोटी. आणि मोजून सातव्या बोटीला त्यांचा नंबर लागायचा. लोक चिडायचे कमी, कारण कुणीतरी त्यांना फसवत नव्हतं. मला मात्र राग यायचा. आता सांगायला हरकत नाही, राग फलकाचा यायचा.

पिवळ्या पट्ट्यावरून आमचं एकदाच वाजलं.

"ह्ये काय, पैसं दिलं की मागनं यिऊन फुडं?"

"आक्का, सगळीकडं असंच असतंय. देवळातसुद्धा पैसे भरून पुढं जातात."

"देवाचं देव बघंल. हितं मी उभी हाय."

पण नियम त्यांनी मोडला नाही कधी. पिवळ्या पट्टेवाल्यांना दोरी उघडून द्यायच्या, तोंड मात्र असं करायच्या की ते बिचारे खाली बघून जायचे.

आठ महिने त्या बोटीसमोर उभ्या होत्या, पण बोटीत एकदाही बसल्या नाहीत. सकाळी चाचणीची बोट रिकामीच जाते. मी म्हटलं, "बसा की एकदा, आक्का. कोण बघतंय?"

"नंबर न लावता?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडं जे बघितलं, त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

मे महिन्यातला तो रविवार. खानापूरकडच्या एका खेड्यातल्या बचत गटाच्या एकोणीस बायका टेम्पो करून आल्या होत्या. वर्षभर ठरवून, घरातली कामं आवरून, डबे बांधून. साडेतीनला त्या बोटीच्या रांगेत लागल्या. सगळ्यांत पुढं राजाबाई. सत्तरीच्या, काटक, काखेत काळी पुरुषी छत्री. साडेचारला मी राउंडला गेलो, तर त्यांनी मला थांबवलं.

"सायेब, अजून किती?"

मी फलकाकडं बोट केलं. त्या हसल्या. "थांबतो की. सगळा जलम डोक्यावरनं पानी आणलं. आता येकदा पान्यानं मला न्हिऊ दे."

मी पण हसलो आणि पुढं गेलो. त्या दिवशी पिवळे पट्टे काउंटरनं बेसुमार विकले होते. दर खेपेला पिवळे बसत होते, उरलेल्या चार-पाच जागा साध्या रांगेला मिळत होत्या. म्हणून साडेतीनलाच, या बायकांच्या मागं, आम्ही रांगेचं टोक बंद केलं होतं. पावणेसहाला रांगेत या एकोणीस जणीच उरल्या आणि खेप एकच उरली, शेवटची, सहाच्या आतली. वीस जागा, एकोणीस बायका. सगळं जमून आलं होतं.

मी तेव्हा जेवत होतो. आमच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवायची रीत, म्हणून पावणेसहाला मी ऑफिसात डबा उघडतो. वॉकीटॉकीवर मालुआक्कांचा आवाज आला. "सायेब, वाढदिवसाची मंडळी आल्यात, वीस जणं, पिवळं पट्टं. हितं ह्या बाया साडेतीनपास्नं थांबायलेत. काय करू?"

तोंडात घास होता. उठून शंभर पावलं जायचं होतं, बाकी काही नाही. मी म्हणालो, "पिवळे आधी. नियम आहे तो." आणि जेवत राहिलो. जेवून थेट निपाणीची बस धरली, कारण सोमवारी पार्क बंद.

मंगळवारी सकाळी येऊन बघतो तर बोटीच्या कठड्याला लागून जमिनीवर सामान मांडलेलं. सगळ्यांत पुढं काळी छत्री. मग डबा, पाण्याची बाटली, तुटक्या बंदाची चप्पल, टॉवेल, परत डबा. एका ओळीत, हातभर अंतरावर, आणि प्रत्येकासमोर खडूनं आकडा. माझा बॉयलर पेटला.

"हे काय भंगार मांडलंय?"

"त्या बायांचा नंबर हाय," मालुआक्का शांतपणे म्हणाल्या. "पानी गेलं म्हणून लाईन मोडत न्हाय, सायेब. फुडच्या बारीला पानी आलं की पयल्या घागरीपास्नं सुरू. त्यास्नी म्हटलं, काय तर ठिऊन जावा, फुडच्या रविवारी या. नंबर कुटं जात न्हाय."

मी डोक्याला हात लावला. "अहो आक्का, तिकीट एका दिवसाचं असतंय! संध्याकाळी सहाला ते मेलं. परत येतील तेव्हा त्यांना गेटवरच अडवतील."

त्यांचा चेहरा उतरला. आठ महिन्यांत त्या रोज मागच्या दारानं आत आल्या होत्या. तिकीट त्यांनी कधी हातात धरलंच नव्हतं. "मला ह्ये ठावं नव्हतं," त्या म्हणाल्या. मग छत्री सरळ करत, "मी शब्द दिलाय की त्यास्नी."

तेवढ्यात मालक आले. त्यांनी ओळ बघितली आणि झाडूवाल्याला हाक मारली. मालुआक्का छत्रीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. हात जोडले नाहीत, आवाज चढवला नाही.

"बाई, हे सामान राहील नाहीतर तुम्ही राहाल," मालक म्हणाले. त्यांना वाटलं, म्हातारी घाबरेल.

"मग सामान ऱ्हाऊ दे," आक्का म्हणाल्या. "येवढ्या रविवारपतूर."

मालक हसले. कोण येतंय परत, असं त्यांना वाटलं असणार. "बरं. रविवारपर्यंत." झालं, नोकरी गेली. मी तिथंच उभा होतो. रविवारी नियम आहे म्हणून सांगितलं ते मीच, एवढं वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. बाहेर जाताना आक्का माझ्याजवळ थांबल्या. "आण्णा, नंबर हलू दिऊ नगा," म्हणाल्या. सायेब सोडून पहिल्यांदाच मला आण्णा म्हणाल्या. मला इतकी लाज वाटली की मी मान डोलावून नुसता खाली बघत राहिलो.

त्या आठवड्यात मी दोन गोष्टी केल्या. रोज संध्याकाळी ते सामान ओळीनं आत उचलून ठेवलं, रोज सकाळी ओळीनं बाहेर मांडलं. पोरं हसली. हसू देत. दुसरी गोष्ट म्हणजे खोटं लिहिलं. आमच्याकडं नियम आहे: बोट बिघडून बंद पडली तर त्या वेळी रांगेत असलेल्यांना परतीची चिठ्ठी द्यायची, ती पुढं महिनाभर तिकिटाऐवजी चालते. मी बिघाडाच्या वहीत मागच्या रविवारची तारीख घातली आणि लिहिलं, 'पाच पन्नासला पंप बंद, रांगेत एकोणीस जण.' सही केली. आमच्या आईनं हे वाचलं असतं तर मला जेवायला वाढलं नसतं.

रविवारी दहाला टेम्पो आला. खरंच आला! मी गेटवर चिठ्ठ्या घेऊन उभा होतो. बायका आत आल्या, सरळ कठड्याजवळ गेल्या, जिनं तिनं आपलं सामान ओळखलं आणि त्या जागेवर उभ्या राहिल्या. कुणी कुणाला ढकललं नाही. पहिल्या बोटीला मी स्वतः दोरी धरली. पिवळ्या पट्ट्यातला एक गडी पुढं सरकला, त्याला म्हटलं, "साहेब, ही मागची बाकी आहे, ती आधी." माझा चेहरा बघून तो थांबला. बोट वर गेली, खाली पडली, आणि बायका अशा ओरडल्या की काउंटरवरची पोरं धावत बघायला आली.

पण मोजल्या तर अठराच. छत्री तशीच पडलेली.

"राजाबाई?"

"तिची म्हस आज-उद्या व्यायची हाय. न्हाय आली," भिजलेल्या बायका म्हणाल्या.

आणि ओळीच्या शेवटाला, विसाव्या आकड्यावर, एक स्टीलचा डबा उरला होता. मी आठवडाभर तो उचलत होतो, ठेवत होतो, आणि माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं. एकोणीस बायकांची वीस भांडी कशी?

"ह्यो आक्कांचा," एकजण म्हणाली. "आमच्या मागं लावला की त्यांनी. म्हणाल्या, आज लाईनच लागल्या तर माझा पन नंबर ऱ्हाऊ दे."

मी कठड्याला टेकून उभा राहिलो. डोळे भरून आले, काय लपवू आता.

मंगळवारी सुट्टी टाकली आणि तो डबा घेऊन मोटारसायकलवरून पिरनवाडीला गेलो. नेमका पाण्याचा दिवस. गल्लीभर घागरी, आणि नळाजवळ मालुआक्का पदर खोचून उभ्या. मी डबा पुढं केला. केवढ्या तोऱ्यात गेलो होतो मी!

"आक्का, चला. तुमचा नंबर आलाय. चिठ्ठी आणलीय."

त्यांचं तोंड उजळलं. लहान पोरीसारखा हात पुसला पदराला, डबा घेतला. मग थांबल्या.

"फुडच्या सगळ्या बसल्या?"

"बसल्या की. ओरडल्या, भिजल्या. अठरा जणी."

"एकोनीस हुत्या."

"राजाबाई नाही आल्या. म्हैस व्यायची होती त्यांची."

मालुआक्कांनी डबा माझ्या हातात परत दिला. "मग माझा नंबर कसा आला, आण्णा?"

नळाला पाणी आलं होतं. त्या पहिल्या घागरीकडं वळल्या. मी तो डबा घेऊन बसस्टँडवर आलो, चहा मागवला आणि तो न पिता तसाच उठलो. माझ्यावरच चरफडलो, मग हसू आलं. मोटारसायकलला किक मारली आणि पार्कातून छत्री घेऊन थेट खानापूरचा रस्ता धरला.

राजाबाई गोठ्यात होत्या. म्हैस आदल्या रात्री व्यायली होती, रेडी झाली होती. त्यांनी आधी छत्री ओळखली, मग मला.

"बोटीवाले सायेब? तुमी हितं कशाला आलाय?"

"चला, राजाबाई," मी म्हणालो. "तुमच्या मागं एक बाई खोळंबल्यात."