हॉकीचा मान

गोलकीपरच्या पॅडमध्ये कोंबडी खुडूक होऊन बसली, त्या दिवशी यशोदेने नवऱ्याला सरळच विचारलं, "ह्या घर माझा काय तुमच्या हॉकीचा?"

भिकाजी हडकर पडवीत सायकलचं चाक सरळ करत बसला होता. त्याने चाक आणखी एकदा फिरवून बघितलं. प्रश्न अवघड होता म्हणून नव्हे, उत्तर फारच सोपं होतं म्हणून. माजघराच्या कोपऱ्यात स्टिका, माळ्यावर गोलाच्या जाळ्या, देवघराच्या खालच्या फळीवर चुन्याने रंगवलेले चेंडू. कोंबडीने तेवढ्यातल्या तेवढ्यात मऊ जागा बघितली, तर तिचं काय चुकलं?

पेटीत लेटरहेडांचा गठ्ठा होता. 'दक्षिण कोकण किनारपट्टी हॉकी संघ, मु. शिरोणे बंदर, ता. मालवण.' एवढं नाव उभ्या कागदावर मावेना, म्हणून छापखान्यावाल्याने कागद आडवा धरला होता. खाली दोन नावं. अध्यक्ष भाई मुणगेकर आणि चिटणीस भिकाजी हडकर. अध्यक्षांनी वर्षातून एकदा नारळ वाढवायचा आणि एकदा बक्षीस द्यायचं. या दोन गोष्टींच्या मध्ये जे काही उरतं, ते चिटणिसाने करायचं.

सुरुवात झाली त्याला आता अकरा वर्षं झाली होती. भिकाजी मुंबईला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होता आणि तिथल्या टीमचा राखीव लेफ्ट हाफ होता. राखीव म्हणजे मधल्या सुट्टीत लिंबाच्या फोडी वाटणारा. बापूस वारला तेव्हा बावन्न साली तो घरी आला आणि बंदरावर सायकलचं दुकान टाकलं. समोर वाळूच्या पुळणीवर पोरं माडाच्या पिड्याने, झावळीच्या जाड दांड्याने, गळलेले कोवळे नारळ टोलवत होती. भिकाजीच्या हाताला खाज सुटली. त्याने ट्रंकेबरोबर आलेल्या दोन जुन्या स्टिका बाहेर काढल्या आणि पोरांना धरायचं कसं ते दाखवलं. माणसाने हाताला सुटलेली खाज दाबून ठेवावी, हे त्याला फार उशिरा कळलं.

दोन-तीन वर्षांत कसाल, कणकवली, देवगड अशा टीम उभ्या राहिल्या. मे महिन्यात चाकरमानी घरी आले की शिरोण्याच्या पुळणीवर सामने. इथे मैदान विकत घ्यावं लागत नाही, समुद्रच ते देतो. पण देतो तसं परतही घेतो. ओहोटीला वाळू अशी घट्ट होते की चेंडू सिमेंटवरून जावा तसा जातो. म्हणून सामने ठेवायचे ते पुनवेच्या नाहीतर अवसेच्या आसपास, संध्याकाळी पाणी लांब असतं तेव्हा. एका वर्षी मुंबईकरांच्या आग्रहाने भिकाजीने रविवार बघितला आणि तिथी बघितली नाही. आली अष्टमी. दुसऱ्या हाफात राइट आउट पोहत होता.

त्यातून पंच मिळणं ही आणखी एक तपश्चर्या. इथे कोण कोणाचा मेव्हणा नाही? शेवटी सिराज शिंप्याच्या गळ्यात शिट्टी पडली, कारण गावात तोच एक माणूस असा होता की ज्याचं भांडण सगळ्यांशी सारखंच होतं.

हे सगळं यशोदेने निभावून नेलं होतं. बाहेरगावच्या टीमांना पेज वाढली, फुटलेले गुडघे हळदीने भरले. पण तिचं माहेर विजयदुर्गाकडे, आणि माहेरी जायचं ते मे महिन्यात. अकरा मे महिने ती एकटी गेली होती किंवा गेलीच नव्हती. धाकट्या बहिणीचं लग्न फायनलच्या दिवशी आलं, तेव्हाही जावईबापू पुळणीवर गोलाचे खांब रोवत होते.

तिचे वडील, परशुरामआबा, यांनी मुलीच्या लग्नाच्या वर्षी परसात हापूसचं कलम लावलं होतं. जावयाने त्याचा आंबा झाडाखाली बसून खावा, एवढी म्हाताऱ्याची हौस. आंबे पेटीतून दरवर्षी येत, जावई येत नसे. आता आबांना दिसेनासं झालं होतं. पावसात ते अंथरुणाला खिळले ते दिवाळीला उठले. त्यांनी एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप पाठवला, 'औंदा जावय इलो नाय तर कलमाक कुऱ्हाड लावतलंय. माका दिसणा नाय, पण कुऱ्हाड खंय मारूची ता कळता.'

निरोप ऐकून यशोदा हसली नाही. "पुढल्या मे म्हयन्यात आबा आसतीत काय नसतीत," एवढंच म्हणाली आणि आत गेली. तिने भांडण केलं असतं तर भिकाजीला बरं वाटलं असतं. त्याने त्याच दिवशी ठरवलं, या वर्षी सोडायचं.

आता सोडायचं असं त्याने पूर्वीही ठरवलं होतं. संघाची सभा त्याच्याच पडवीत भरे. भिकाजी उभा राहून म्हणे, "पुढचो चिटणीस निवडा." लगेच सगळे वर बघून वाशांची चौकशी करू लागत. मग कोणीतरी म्हणे, "भिकाजी, च्या मस्त झाली हां!" आणि सभा संपे.

या वेळी मात्र तो हटून बसला. "माका झेपणा नाय. कोणी तरी घेवा."

खालच्या वाडीचा कप्तान लवू तोंडवळकर म्हणाला, "असा कसा? आज तू, तुझ्यामागे तुझो झील."

"झील पोस्टात आसा, मुंबयक!"

"मगे नातू."

भाई मुणगेकरांनी चष्मा काढून पुसला. ते काही महत्त्वाचं बोलणार असले की चष्मा पुसत. "भिकाजी, खुळो झालंस काय? आता तो घराण्याचो मान झालो. मान असो सोडूक येता? सोडूचो झालो तर देवाक कौल लावूचो लागतलो."

आत्ता भिकाजीच्या डोक्यात उजेड पडला. त्याने अकरा वर्षं फुकट काम केलं होतं आणि गावाला ते काम कधी दिसलंच नव्हतं. गावाला दिसला होता मान! आमच्याकडे पालखीला खांदा कोणाचा, दिवटी कोणाची, शिमग्याच्या होळीला पहिला घाव कोणाचा, हे सगळं घराण्यांना वाटून दिलेलं असतं. दशक्रियेला भात रांधायलाही कोणाचा तरी मान असतो. त्या भल्या लोकांनी हॉकीसुद्धा त्याच फडताळात नेऊन ठेवली होती.

मग चार-सहा दिवस भिकाजी नुसता पंक्चर काढत राहिला. यशोदेला वाटलं, झालं, गेला हाही मे. पण त्याचं डोकं दिवटीभोवती फिरत होतं. गावच्या पालखीपुढची दिवटी म्हणजे काय सुख? तेल मनगटावरून ओघळतं, भुवया जळतात. मजुरी देतो म्हटलं तर कुत्रं धरणार नाही. पण त्याच दिवटीसाठी दोन घराणी वीस वर्षं एकमेकांच्या लग्नाला गेली नव्हती. का? तर मान कोणाचा!

भिकाजीने पान्हा खाली ठेवला. दुकानात कोणी नसताना तो मोठ्याने हसला.

पुढच्या सभेला त्याने चहाबरोबर गुळात घोळवलेलं खाजंही ठेवलं. सगळे आले. इद्रीस मुकादमही आला. त्याचं गलबत मुंबईला कौलं घेऊन जाई आणि येताना दुकानदारांचा माल आणी. वरच्या वाडीच्या टीमला तो शर्टाचं कापड पुरवे, पण सभेत बोलत नसे. चहा पीत ऐके. गावात त्याच्या घराण्याला मान नव्हता असं नाही. जत्रेला पहिलं तेल मुकादमांच्या घरचं. पण तो मान मिळाल्याला पिढ्या झाल्या होत्या, त्यानंतर नवा काही आला नव्हता.

भिकाजी हात जोडून उभा राहिला. "माज्या मनाक लागलाहा. अकरा वर्सा मी दुसऱ्याचो मान खाल्लंय."

सगळे वासे सोडून त्याच्याकडे बघू लागले.

"ह्या किनाऱ्यार हॉकीची पयली स्टिक कोणी हाडली? मी नाय हाडली. ती इली इद्रीसच्या गलबतातसून. बंदरार पयली उतरवली ती त्याच्या बापाशीन. मान मुकादमांचो."

हे शब्दशः खरं होतं. भिकाजीने मुंबईहून आपली ट्रंक आणि स्टिका इद्रीसच्या गलबतातून पाठवल्या होत्या. त्या स्टिका कोणाच्या होत्या, हे कोणी विचारलं असतं तर त्याने तेही खरं सांगितलं असतं. कोणी विचारलं नाही.

इद्रीसच्या तोंडात खाजं होतं. ते त्याने सावकाश गिळलं आणि तो ताठ बसला. "आमचो बा म्हणायचो खरो," तो म्हणाला. काय म्हणायचो ते त्याने सांगितलं नाही, पण आवाज बदलला होता.

"खंयचा काय!" लवू उसळलाच. "त्याच्या आधी माझो चुलतो मिलिटरीतसून इलो, तेव्हा स्टिक घेवन इल्लो. अख्ख्या वाडीन बघल्यानी!"

"तुझो चुलतो त्या स्टिकेन बागेतले वांदर हाकलायचो," इद्रीस म्हणाला.

"मगे? स्टिक ती स्टिक! तुझ्या गलबतात काय हॉकी खेळत होते?"

"गलबत होता म्हणान तुमी खेळलास!"

"आरे, जा रे, कौलां मोज तुजी!"

भिकाजी मान खाली घालून उभा होता. त्याला हसू दिसू द्यायचं नव्हतं. आतल्या दाराशी यशोदा चहाचं तबक घेऊन तशीच थांबली होती. तिच्या लक्षात काहीतरी यायला लागलं होतं.

आवाज इतके चढले की भाईंना चष्मा पुसावाच लागला. "गप रवा! देवळात वाद झालो तर काय करतंव आपण? पाळी लावतंव. एक वर्स मुकादमांची पाळी, एक वर्स तोंडवळकरांची. चिटणीस, सामने, टीमांचा जेवण, सगळा पाळयेवाल्यान बघूचा. दुसऱ्यान मधी पडूचा नाय."

"पयली पाळी माजी!" दोघंही एकदम म्हणाले.

तेव्हा यशोदेने तबक खाली ठेवलं. ती आत गेली आणि दोन्ही पॅड घेऊन बाहेर आली. सभेच्या मधोमध ते आपटले. आतून एक पीस उडालं आणि भाईंच्या चहात पडलं.

"जेचो मान पयलो, तेनी ह्या आत्ता उचला," ती म्हणाली. "बोलान काय होता?"

इद्रीस जवळ बसला होता. त्याने झडप घालून पॅड छातीशी धरले. लवूने दात-ओठ खाल्ले आणि निदान जाळ्या तरी आपल्याकडे असाव्यात म्हणून तो माळ्याची शिडी चढला. घटकाभरात माजघराचा कोपरा मोकळा झाला. तिथली जमीन अकरा वर्षं कोणी सारवलेली नव्हती.

उठता उठता भाई म्हणाले, "भिकाजी, तू सल्लागार म्हणान रव हां. तिथीबिथी तुकाच कळता."

भिकाजीची जीभ 'हो' म्हणायला निघालीच होती. त्याला दाराकडे बघायचीही गरज पडली नाही. यशोदा तिथे आहे, हे पाठीला कळत होतं.

"नको भाई," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या मानात हात घालूचो नसता."

मे महिन्यात नवरा-बायको एसटीत बसले. तळेऱ्याला गाडी बदलायची होती. फाट्यावर विजयदुर्गच्या गाडीची वाट बघत दोघं झाडाखाली उभी होती, तर देवगडकडून आलेल्या गाडीतून स्टिका घेतलेली पोरं भराभर उतरली. शिरोण्याला निघालेली टीम! त्यांच्या कप्तानाने भिकाजीला ओळखलं.

"हडकरभाऊ, तुम्ही इथे? उद्या ओहोटी किती वाजता हो? आणि आमची उतरायची सोय कुठे?"

भिकाजीच्या तोंडात वेळ तयार होती, जागा तयार होती, पेजेबरोबर लोणचं कोणतं हेसुद्धा तयार होतं. यशोदा पिशवीतल्या ओल्या काजूंकडे फार लक्ष देऊन बघत होती.

"इद्रीसभाईंक विचारा," भिकाजी म्हणाला. "पाळी त्यांची."

आणि ते वाक्य तोंडातून बाहेर पडलं तसा त्याच्या खांद्यावरून काहीतरी उतरलं. गाडी आली, त्याला खिडकी मिळाली. घाटीचं वळण येण्याआधीच तो बायकोच्या खांद्यावर डोकं टाकून घोरायला लागला. बायकोने चारचौघांत थोडं लाजून घेतलं, पण डोकं हलवलं नाही.

परशुरामआबा कलमाखाली बाकड्यावर बसले होते. कुऱ्हाड खरोखरच बाजूला टेकवून ठेवली होती. भिकाजी पाया पडला तेव्हा त्यांनी त्याचा चेहरा हाताने चाचपला. "केस गेले तुझे," ते म्हणाले. "लग्नात होते."

आठवड्याने सिराज शिंपी विजयदुर्गला बहिणीकडे आला, तो मुद्दाम वाट वाकडी करून भेटायला आला. भिकाजीने त्याला पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही. "सामने झाले?"

"झाले की. इद्रीसन तिथी बरोबर काढल्यान. दर्यातलो माणूस तो. लवू पुढल्या वर्सा त्याच्या वर कडी करूची म्हणान आतापासून मंडपाचे बांबू तोडता."

"कोण पडलो नाय? टीमा उपाशी रवल्यो नाय?"

"बिर्याणी होती."

"बिर्याणी!" भिकाजी म्हणाला. त्याच्या काळात पेज होती. "माजी कोणी आठवण काढली?"

सिराजने विचार केला. "काढली. फायनलच्या वेळेक शिट्टी सापडत नव्हती, तेव्हा लवू म्हणालो, भिकाजीन घरी ठेवल्यान आसतली."

यशोदा तोंडाला पदर लावून हसली. भिकाजीला आधी थोडं लागलं, मग तोही हसला. सगळं सुखरूप पार पडलं होतं आणि त्याला त्यातलं काहीच करावं लागलं नव्हतं. त्याला आठवेना, मे महिन्यात आपण दुपारचे असे पाय पसरून कधी बसलो होतो.

आबांनी देठाला हात लावून एक आंबा काढला. हुंगला, पुसला आणि अंदाजाने जावयापुढे धरला. "ह्या कलमाचो पयलो आंबो आतापासून तुझो मान. दर वर्सा येवन खावचो लागतलो."

'मान' हा शब्द ऐकून भिकाजी दचकला. मग आंब्याचा वास आला, आणि त्याने देठाकडचं तोंड दाताने सोललं.

"हो मान मी सोडूचंय नाय, आबा," तो म्हणाला. रस कोपरापर्यंत ओघळला.